समोरच्या दारातली गाडी

आमच्या गल्लीत यात्रेकरूंना उतरवून घेणारी दोन घरं होती. एक आमचं आणि एक समोरच्या कासाराचं. मधे जेमतेम एक बैलगाडी वळेल एवढी वाट. कासारणीच्या दारात गाडी थांबली की बैलांची तोंडं माझ्या ओट्याकडे असायची आणि माणसं उतरायची तिच्या ओट्यावर. कितीतरी वर्षं मी ती बैलांची तोंडं बघितली. जनावर काही बोलत नाही, पण मला वाटायचं, हे सुद्धा मला हसतंय.

गाव आंबाजोगाई. सरकारी कागदात मोमिनाबाद लिहीत, पण येणारा माणूस जोगाईच्या नावानंच यायचा. पुण्याकडचे, कोकणातले लोक लांबून येत. देवी त्यांची कुलस्वामिनी. लातूरपर्यंत आगगाडी आणि तिथून पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत. घरात लग्न झालं की नवं जोडपं देवीच्या पायावर घालायला आणत, नवस फेडत, चार-आठ दिवस राहत. मार्गशीर्षातल्या उत्सवाला आमची गल्ली भरून जाई.

आम्ही वाणी. खाली नवऱ्याचं किराणा दुकान, मागे आमचं राहणं, वर माडीवर दोन खोल्या. सासरे होते तोवर त्या खोल्यांत गुळाच्या भेल्या आणि मिरच्यांची पोती असत. ते गेल्यावर मी नवऱ्याच्या मागे लागले.

"अवो, पोती खाली मावतील. वर मानसं ठिवू."

"मानसं पोत्यावानी गप पडून ऱ्हात न्हाईत," तो म्हणाला. "तुला झेपंल का?"

झेपलं. मी खोल्या सारवल्या, भिंतींना चुना लावला, दोन चुली घातल्या. मिरचीचा खकाणा मात्र वर्षभर गेला नाही. पहिल्या उत्सवातले पाहुणे दर्शनाला निघाले तेव्हाही शिंकतच निघाले. पण जागा हवेशीर, देऊळ जवळ, खिडकीतून कळस दिसे. आम्ही द्यायची ती जागा, सरपण, सतरंज्या आणि वापरायचं पाणी. स्वयंपाक त्यांचा ते सोवळ्यानं करत, त्यासाठीचं पाणीही स्वतः भरून आणत. दोन वर्षं माझी माडी उत्सवात रिकामी राहिली नाही.

मग समोरच्या कासारणीनं तिच्या पडवीमागच्या दोन खोल्या झाडल्या. बुटक्या, अंधाऱ्या, एकीत तर दुपारीसुद्धा दिवा लागे. तिचा नवरा बांगड्यांचं ओझं घेऊन पार चकलांब्यापर्यंतचे बाजार करी, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. घरी ती एकटी. मी नवऱ्याला म्हणाले, "त्या बिळात कोन उतरंल?" आणि हसले.

लोक उतरले. आधी माझ्याकडे जागा नसली म्हणून, आणि पुढे माझ्याकडे जागा असतानाही.

का, याचा मी लई विचार केला. तिच्याकडे पितळेची भांडी होती, ढीगभर आणि चिंचेनं घासून लखलखीत. कोकणातून येणाऱ्या बायकांना एवढ्या लांबून पातेली वाहून आणायला नको वाटायचं. म्हणून मीही पातेली घेतली. तिच्याकडे बांगड्या होत्या. देवीला आलेली बाई हिरवा चुडा भरल्याशिवाय परत जात नसे. कासारीण त्या बाईचा हात आपल्या हातात घेऊन, बोटं दाबून, कांकण सरकवत बोलत राही, आणि हात जिच्या हातात दिला तिच्याच घरी मग पुढच्या वर्षी पाय वळत. त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. मी गूळ-शेंगदाणे पुढे करून बघितलं. पाहुण्यांची नावं, नाती पाठ करायचा प्रयत्न केला, तर एकदा थोरल्या सुनेला धाकटीच्या बाळंतपणाबद्दल विचारलं आणि त्या दोघींचं आपसात बोलणं नाही हे मला तेव्हा कळलं. समोरची असं कधी चुकत नसे. तिला कुणाच्या म्हातारीचा दमा, कुणाच्या पोराची मुंज, सगळं ध्यानात असे. बरं, ती ते मुद्दाम ध्यानात ठेवत होती असंही नाही. तिच्यात ते आपोआप राहायचं. माझ्या अंगाची आग व्हायची ती त्याचीच.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला खरा डंख बसला तो आजीमुळे.

पुण्याची एक म्हातारी होती. लाल आलवण नेसलेली, बारीक, कोरड्या आवाजाची. मुलगा आणि सून घेऊन दर मार्गशीर्षात यायची. पहिली चार वर्षं माझ्याकडे उतरली. मी आईवेगळी. सासू होती ती लवकर गेली. त्यामुळे घरात मला 'मुली' म्हणणारं कुणी नव्हतं, ही म्हणायची. जेवणं उरकली की जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची, मी दारात बसायची, आणि ती मला तिच्या माहेरच्या समुद्राच्या गोष्टी सांगायची. मी जयंती नदीपेक्षा मोठं पाणी बघितलेलं नव्हतं. एका वर्षी मला ताप आला तर तिनं सुनेला देवळात पाठवलं आणि स्वतः माझ्या उशाशी बसली, हात न लावता, लांबूनच, पण उठली नाही. दर वर्षी ती माझ्यासाठी फडक्यात बांधून आमसुलं आणायची. आमच्याकडे आंबटाला चिंच. त्या काळ्या सालींची आमटी मला फारशी आवडत नसे, पण मी ती वर्षभर पुरवून पुरवून करायची.

पाचव्या वर्षी हैदराबादहून एक वकील बिऱ्हाड घेऊन आले. दोन्ही खोल्या मागितल्या, दुप्पट भाडं देतो म्हणाले. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी आजीची गाडी दारात. मी म्हणाले, "आजी, या खेपेला समोर उतरा. पुढल्या वर्षी माडी तुमचीच."

"बरं गं, त्यात काय," ती म्हणाली आणि समोर गेली.

पुढल्या वर्षी मी माडी अडवून ठेवली. दोन बिऱ्हाडं परत लावली. गाडी आली, बैलांची तोंडं माझ्याकडे झाली, आणि आजी उतरली समोरच्या ओट्यावर. मला हात केला, "बरी आहेस ना मुली?" म्हणाली, आणि आत गेली. त्याच्या पुढल्या वर्षी तेच. त्याच्याही पुढल्या.

त्या वर्षी आजी पुण्याला परत गेल्यावर कासारीण माझ्या दारात आली. हातात द्रोण.

"आक्का, आजीनं आमसुलं आनलीत. लई हायत, मला एकटीला कशाला एवढी? घ्या तुमी मूठभर."

मी द्रोण घेतला. "लई उपकार झाले, वैनी," असं म्हणाले. ती गेल्यावर मागच्या परसात जाऊन द्रोण उकिरड्यावर ओतला. नवऱ्यानं बघितलं. मला वाटतं त्याला माझं तोंड बघून बोलायची हिंमत झाली नसावी.

मग ते प्लेगाचं वर्ष आलं. आमच्या गावात अजून काही नव्हतं, पण लातुराकडून बातम्या यायच्या. घरात उंदीर मरून पडला की ते घर सोडायचं, हे तोवर पोरासोरांनाही ठाऊक झालं होतं. 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द कुणी बोललं तरी बाजारात माणसं मागे सरायची. उत्सवाला लोक कमी आले. पण पुण्याचे काही प्लेगाची लस टोचून घेतलेले, ते आले. आजी येणार याची मला खात्री होती. ती दशमीला यायची, कधी चुकवत नसे.

दशमीला दुपारी मी सरपणाच्या गाड्या बघायचं निमित्त काढून नदीच्या अलीकडच्या चिंचेखाली गेले. परगावच्या गाड्या तिथं थांबून बैलांना पाणी दाखवत. काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. आज म्हणते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कदाचित असेलही.

गाडी होती. आजी खाली उतरून बसली होती. आणखी वाळलेली.

"अगबाई, तू!" ती म्हणाली. "ये ये. किती उतरलीस गं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात ती म्हणाली, "समोरची बरी आहे ना? खोली सारवून ठेवली असेल तिनं माझी."

'माझी' म्हणाली. त्या अंधाऱ्या खोलीला.

"तिकडं नका जाऊ, आजी," मी म्हणाले. "तिच्या घरात उंदीर पडलाय."

मुलाचा चेहरा उतरला. "कधी?"

"परवा."

"तुम्ही पाहिलात?"

"बघितला की."

तीन वाक्यं. तिसरं बोलताना मला तो उंदीर दिसायलाही लागला होता, कणगीच्या बुडाशी, पाय वर केलेला. गाडीवान बैलाच्या मानेवर पाणी मारत होता. त्याचा हात थांबला, ते मी पाहिलं.

ते आमच्या माडीवर आले. मुलानं आजीला दंडाला धरून चढवलं. ती एकेक पायरीला थांबत होती. मला वाटलं, किती वर्षांनी आली, घर बघतेय.

दिवेलागणीच्या आधी कासारीण ओट्यावर आली. आजीचा आवाज तिनं ओळखला असणार. वर बघून हाक मारली, "आजी! कवा आलात? वर कावून गेलात, या की खाली!"

मुलानं खिडकी लावून घेतली.

ती तशीच उभी राहिली, हातात झाडणी, तोंड वर. खरं सांगते, मला त्या घटकेला सुख झालं. इतक्या वर्षांत एकदा तिच्या ओट्यावर उभं राहून रिकाम्या दाराकडे बघायची पाळी तिच्यावर आली. मी चुलीशी बसून ते सुख चघळलं. आजी जिन्यावरून म्हणत होती, "बिचारी एकटीच आहे गं, मी नुसतं दारातून विचारून येते, मी टोचून घेतलंय," आणि मी म्हणत होते, "नको आजी, तुमाला जोगाईची शपथ." माझ्या घरात बसून आजीला कासारणीचीच काळजी. त्या सुखात तेवढा खडा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसिलीतून हवालदार आला, बरोबर तीन शिपाई आणि दवाखान्यातला एक माणूस औषधाच्या पाण्याची बादली घेऊन. गाडीवानानं रातोरात अख्ख्या मंडीत सांगितलं होतं.

"कासाराचं घर कोनचं?"

कासारीण बाहेर आली. "कोन म्हनतं माझ्या घरात उंदीर पडला? कुठं पडला, मला दाखवा!"

कुणी दाखवणार कुठून. त्यांनी तिला बाजूला केलं आणि सामान बाहेर काढायला लागले. पातेली गल्लीत घरंगळली. कणगीतल्या ज्वारीवर बादली ओतली. मग बांगड्यांच्या टोपल्या आल्या. संक्रांतीसाठी भरलेला माल, पेंढ्यात बांधलेले काचेच्या बांगड्यांचे जुडगे. शिपायानं पहिली टोपली दारातून खाली टाकली. तो आवाज सांगता येत नाही. एक टोपली फुटते तेव्हा एकदम फुटत नाही, बराच वेळ फुटत राहते. दुसरी टाकली तेव्हा कासारीण ओरडायची थांबली आणि खाली बसली.

मी माझ्या दारात होते. 'थांबा' हा शब्द माझ्या तोंडात होता, पण तो बाहेर काढला असता तर मागोमाग बाकीचंही काढावं लागलं असतं.

घराच्या भिंतींवर औषध मारून झाल्यावर हवालदार वळला. "आता बाकीची गल्ली. दुपारपर्यंत खाली करा."

"आमच्या घरात काईच न्हाई!" मी म्हणाले.

"उंदीर काय उंबरा बघून चालतो का, बाई?"

दुपारपर्यंत अकरा घरं गावाबाहेरच्या मळ्यात गेली. तुराट्या आणि कडबा उभा करून झोपड्या घातल्या. थंडीचे दिवस, बाजूला हुरड्याला आलेली ज्वारी, वारा कडब्यातून आत. आमच्या दुकानाला सरकारी कुलूप. आजीच्या कुटुंबाला त्या दिवशी परतीची गाडी मिळेना. या गल्लीतली माणसं म्हटल्यावर गाडीवान लांबूनच हात हलवायचे. त्यांनाही एक झोपडी घालून दिली. देवीच्या उत्सवाला शेकडो मैलांवरून आलेली म्हातारी शेतात पडली, आणि कळस लांबून दिसत होता तेवढंच तिचं दर्शन.

आणि मळ्यात तरी काय झालं? दुसऱ्या दिवसापासून बायका कासारणीच्या झोपडीपुढे जमायला लागल्या. तिच्याकडे चूल आधी पेटायची, म्हणून विस्तव न्यायला. आजी तिच्याजवळ बसायची. जिचं सगळं गेलं तिच्याभोवती माणसं, आणि माझ्या झोपडीपुढे दुसऱ्याची शेळी. लाज वाटायला हवी होती. वाटत होती. पण तिच्याखालून तो जुना जाळ येतच होता, 'इथंसुद्धा तीच का?'

कुणाकडून ऐकलं ते आजीनं तिला सांगितलं नव्हतं, आणि गाडीवान मळ्याकडे फिरकत नव्हता. तिसऱ्या दिवशी कासारणीनं दोषी शोधून काढला. आमच्या दोन्ही घरी वापरायचं पाणी भरणारी एक बाई होती. गरीब, थोडी बोलघेवडी. दोन्ही घरांत पाय असलेली ती एकच.

"तूच बोललीस," कासारीण म्हणाली. "माझ्या घरातली कोठी तुझ्याबिगर कुनी बघितली? चार घरी बसून बोलाया मिळावं म्हनून माझं घर बुडवलंस व्हय?"

"जोगाईची आन, वैनी, मी एक अक्षर बोलले न्हाई!"

कासारणीनं तिच्या डोक्यावरची घागर ओढून बांधावर आपटली. तांब्याची घागर, एका बाजूनं पार चेपली. ती बाई घागर उचलून गेली. त्यानंतर मळ्यात तिच्याकडून कुणी पाणी भरून घेईना. लांब, ज्वारीच्या कडेला, ती एकटी झोपडीत बसून असायची.

आजी निघायच्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "चल, उन्हात बसू." आम्ही बांधावर बसलो. तिनं आलवण डोक्यावर नीट ओढून घेतलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "उंदीर नव्हता ना गं?"

मी मान खाली घातली.

"माझ्यासाठी केलंस हे?"

"तुमी माझ्या हुता, आजी," मी म्हणाले. "एकदा तुमाला परत लावलं त्याचा राग धरला तुमी. मी चुकले, पन..."

"राग?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसला राग? अगं, माझे गुडघे गेले. तुझा जिना मला चढवत नाही. तिची खोली खाली आहे. एवढंच."

मला आधी समजलंच नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. गुडघे.

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तू विचारलंस कधी? मी हात करायचे, तू तोंड फिरवून आत जायचीस."

मग ती उठली, मुलाच्या आधारानं. जाताना एवढंच म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. ते तुझं तू बघ." गाडीत बसल्यावर तिनं कासारणीच्या डोक्यावरून लांबूनच हात फिरवला. माझ्याकडे बघितलं, पण हात उचलला नाही.

पुढचे दोन दिवस मी तो जिना मनात चढत-उतरत होते. चौदा पायऱ्या. इतकी वर्षं मी पितळ, बांगड्या, गोड बोलणं, जादूटोणा, सगळं तपासलं होतं आणि स्वतःच्या घराचा जिना माझ्या ध्यानात आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीच्या कडेची झोपडी मोडलेली दिसली. पाणी भरणारी बाई घागर घेऊन माहेरच्या वाटेला लागलेली. मी धावत जाऊन तिला थांबवलं, "चल माझ्यासंगं," म्हणाले, आणि तिला घेऊन कासारणीच्या झोपडीपुढे उभी राहिले. तिथं तीन-चार बायका होत्या.

"वैनी, हिनं काई केलं न्हाई. मी बोलले. चिंचेखाली, आजीला. उंदीर पडलाच नव्हता."

कासारीण भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मला वाटलं, आता ती समजुतीचं काही बोलेल. गावभर तिच्या चांगुलपणाचं कौतुक. मी मनात तेवढा हिशेब धरूनच गेले होते. ती रडेल, मी रडेन, तिचा हात माझ्या हातात येईल.

तिनं भाकरी काढून ठेवली आणि म्हणाली, "जा तू इथनं."

ती मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली.

"वैनी..."

"जा म्हनते ना! तोंड दावू नको मला."

तिचं तोंड लाल झालं होतं, चुलीतली राख माझ्या अंगावर फेकायच्या बेतात ती होती. मी परत फिरले. आणि विचित्र म्हणा, पण मला तेव्हा थोडं हलकं वाटलं. तिलाही राग येतो. तीही माफ करू शकत नाही. त्या एका गोष्टीत तरी ती माझ्यासारखीच होती.

पाणी भरणाऱ्या बाईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ठीक हाय. पन मला गल्लीभर चोर केलं, ते कोन फेडनार?" तिला कासारणीनं स्वतः बोलावून घेतलं, चेपलेली घागर नवऱ्याकडून ठोकून दिली. माझ्या घरी मात्र तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिथून पुढे आमचं आणि पाहुण्यांचं पाणी मीच नदीवरून भरलं.

गल्लीत कुणी आजारी पडलं नाही. तीन आठवड्यांनी आम्ही परतलो. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तो शिवीगाळ करणारा माणूस नव्हता. त्यानं दोन पोती ज्वारी स्वतःच्या पाठीवर समोर नेऊन टाकली आणि कासाराला संक्रांतीच्या मालाला पैसे दिले. त्यांनी ज्वारी घेतली, पैसेही घेतले. बोलणं घेतलं नाही.

दोन वर्षं आम्ही एकमेकींकडे न बघता समोरासमोर अंगण झाडलं. तिची जागा भरली की ती उरलेल्या पाहुण्यांना "समोर विचारा" एवढं सांगायची, माझ्या दाराकडे न बघता. ते पाहुणे मी घ्यायची. माणसाला रस्त्यावर उभं ठेवायचं नाही एवढंच तिच्या मनात असेल. मला मात्र प्रत्येक वेळी त्या द्रोणाची आठवण व्हायची.

मग पुण्याहून तिच्या नावानं एक कार्ड आलं. आमच्या गल्लीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. माहेरी, दिंद्रुडला, वडिलांनी दुकानातल्या याद्या वाचण्यापुरती अक्षरं शिकवली होती. तिचा नवरा बाजाराला गेलेला, माझा दुकानाचा माल आणायला. ती सकाळभर कार्ड घेऊन ओट्यावर बसली होती. शेवटी उठून आली आणि न बोलता माझ्यापुढे धरलं.

आजीच्या मुलानं लिहिलं होतं. आईला देवाज्ञा झाली. शेवटच्या आजारात ती आंबाजोगाईबद्दल बोलत असे, कासारीणबाईंच्या खोलीतल्या गारव्याबद्दल, त्यांनी केलेल्या सेवेबद्दल. त्यांना आशीर्वाद सांगा म्हणाली होती.

मी वाचत गेले. अक्षरं हलत होती. शेवटची ओळ वाचून मी कार्ड परत दिलं.

तिनं कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "आनि तुमचं?"

"माझं काई न्हाई."

"काईच न्हाई?"

"न्हाई."

तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमचं नाव घालून वाचायचं हुतं की. मला कुठं कळनार हुतं."

"आलं हुतं मनात," मी म्हणाले.

तिला हसू आलं, रडताना येतं तसं, आणि ती माझ्या ओट्यावर बसली. त्या दिवशी आम्ही आजीबद्दल बोललो. तिला आजीनं समुद्राच्या गोष्टी कधी सांगितल्या नव्हत्या. त्या मी तिला सांगितल्या, आणि सांगताना, कशाला लपवू, मला बरं वाटलं, की एवढं तरी माझ्या वाट्याला आलं होतं आणि तिच्या नाही.

पुढे बोलणं सुरू झालं. पहिल्यासारखं नाही, ती मला पुन्हा 'आक्का' म्हणायला लागली, पण घरातल्या कोठीपर्यंत मला कधी नेलं नाही. मी ते समजून होते. मत्सर गेला असंही म्हणणार नाही. तो दाढेसारखा, थंडी पडली की ठणकायचा.

काही वर्षांनी देवळापलीकडे एका परगावच्या सावकारानं धर्मशाळा बांधली. दगडी जोतं, मोठा चौक, ओळीनं वीस खोल्या, सगळ्या तळमजल्यावर, आणि भाडं नाही. त्या मार्गशीर्षात माझी माडी रिकामी, तिच्या खोल्या रिकाम्या. दोघी ओट्यावर बसून होतो. शेवटी ती म्हणाली, "चला आक्का, दर्शनाला जाऊ," आणि दोघींनाही ठाऊक होतं आम्ही कुठं जाणार ते.

आम्ही धर्मशाळेच्या चौकात उभ्या राहिलो. माणसांची ही गर्दी, चुलींचा धूर, दोऱ्यांवर वाळणारी सोवळी. कुणी आम्हाला 'या' म्हणालं नाही.

"वारा लई घुसतो हितं," कासारीण म्हणाली. "तान्ही लेकरं आजारी पडतील."

"आनि भिंती बघा. एका खोलीतलं बोलनं दुसरीत जानार," मी म्हणाले.

"फुकट म्हनून आलेत. पुढल्या साली येनार न्हाईत."

"कशाला येतील?"

आम्ही असं बोलत बोलत सगळ्या वीस खोल्यांपुढून फिरलो. कुठं गळतंय का, कुठं पाणी साचतंय का, सगळं बघितलं. काहीच सापडलं नाही. परत निघताना तिचं तोंड एवढंएवढं झालं होतं, माझंही झालं असणार. वाटेत तिनं दोन दिडक्यांचे फुटाणे घेतले, निम्मे माझ्या पदरात ओतले, आणि आम्ही त्या सावकाराला नावं ठेवत गल्लीपर्यंत आलो.